पेपर वाटले की फोडले?

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, माननीय नानासो. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि एरवीही त्यांचा उजवा हात असलेले संस्थेचे सचिव, ॲडव्होकेट बाळासो. आमचे मुख्याध्यापक नाथाजीराव. व्यासपीठावरचे इतर सन्माननीय पाहुणे. ज्यांच्याबरोबर मी चहा आणि खडू दोन्ही वाटून घेतले ते माझे शिक्षक बंधुभगिनी. पुढं सतरंजीवर बसलेले विद्यार्थी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळं मागं ताटकळत उभे असलेले पालक हो,

आधी तुमच्या मनातली भीती घालवतो. मी फार वेळ घेणार नाही. सचिवांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ते स्वतः अर्धा तास बोलले, तेव्हा शिल्लक एवढीच उरली असणार.

शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिन्हींबद्दल संस्थेचा आभारी आहे. माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की बोलणाऱ्यांना मी कधी भेटलो होतो का, अशी मला शंका आली.

बाळासोंनी भाषणाचा शेवट इंग्रजीत केला. ते म्हणाले, ‘वुई वेअर ऑल लुकिंग फॉरवर्ड टु निकम सर्स रिटायरमेंट.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. कारण ‘लुकिंग फॉरवर्ड टु’ याचा अर्थ पुढे बघणे असा होत नाही, मुलांनो. एखाद्या सुखाच्या गोष्टीची डोळे लावून वाट बघणे, असा होतो. म्हणजे निकम सर कधी एकदाचे जातात याची आम्ही सगळे आतुरतेनं वाट बघत होतो, असं सचिव आत्ता चारचौघांत म्हणाले. त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य, जे शब्दकोशाशीही जुळतं आणि त्यांच्या मनाशीही.

हसू नका. यात हसण्यासारखं काही नाही, हेच आज मला सांगायचं आहे.

इंग्रजीत इन, आउट, अप, अवे, ऑफ असे चिमुकले शब्द आहेत. क्रियापदाच्या मागं येऊन उभे राहतात आणि त्याचा अर्थच फिरवून टाकतात. लुक म्हणजे बघणे. पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक इन्टू म्हणजे चौकशी करणे आणि लुक डाउन अपॉन म्हणजे तुच्छ लेखणे. डोळे तेच, मागचा शब्द तेवढा बदलला. आपल्या संस्थेत यातल्या पहिल्या दोन गोष्टी जेमतेम होतात. तिसरी भरपूर होते.

मघाशी नाथाजीराव म्हणाले, ‘निकम सरांचे संस्थेशी काही किरकोळ मतभेद झाले, पण ते आता इतिहासजमा आहेत.’ इथं बसलेले निम्मे शिक्षक नवे आहेत. त्यांना वाटलं असेल, सरांचं काही रजेवरून बिनसलं असेल. तसं नव्हतं. मुख्याध्यापकांनी विषय काढलाच आहे, तर तो मतभेद किती किरकोळ होता ते सांगणं माझं कर्तव्य आहे. गोष्ट जुन्या अकरावीच्या शेवटच्या काही वर्षांतली आहे.

त्या वर्षी आपल्याकडं शालन सरतापे नावाच्या बाई लागल्या. गाव दहिवडीच्याही पलीकडं, माणदेशात. वडील मुंबईला गिरणीत. आई रंगूबाई चार शेरडं आणि पावसाच्या भरवशावरचं रान सांभाळायची. घर बौद्ध. छप्पन सालानंतर त्या घरात एकच गोष्ट ठरून गेली होती, की पोरीनं शिकायचं. पोरगी शिकली, बी. ए. झाली, बी. एड. झाली, आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन एस्टीनं आपल्याकडं आली. आठवीला इंग्रजी आणि नववीला भूगोल शिकवू लागली.

सरतापे बाईंना एक खोड होती. अर्थ कळला एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या विचारायच्या, ‘सर, ॲग्री विथ आणि ॲग्री टु यात फरक काय?’ मी सांगायचो, माणसाशी एकमत होतं तेव्हा विथ, प्रस्तावाला मान्यता देतो तेव्हा टु. की लगेच पुढचा प्रश्न, ‘मग माणूस पटत नाही पण प्रस्ताव मान्य करावा लागतो, तेव्हा?’ मी म्हणायचो, ‘तेव्हा बाई, तुम्ही या संस्थेत नोकरीला असता.’

एका दुपारी विषय ‘गिव्ह’चा निघाला. गिव्ह इन म्हणजे हार मानणे, आणि वही वगैरे असेल तर ती सादर करणे. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे, किंवा गुपित फोडणे. गिव्ह आउट म्हणजे वाटणे. मी एवढं सांगून थांबलो. पलीकडं नाथाजीराव वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, ‘आणखी एक अर्थ राहिला, निकम. माय लेग्ज गेव्ह आउट. पायातलं बळ संपलं, पाय गळाले.’ सरतापे बाईंनी लगेच ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. मला त्यांचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी नाथाजीरावांचंही कौतुक वाटलं. हा माणूस इंग्रजीचा पक्का आहे, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

ही दुपार ध्यानात ठेवा.

जानेवारीत अकरावीची पूर्वपरीक्षा आली. गणिताचा पेपर फुटला. आदल्या संध्याकाळी गावातल्या तीनचार घरांत पोरं तीच गणितं सोडवत बसली होती. सकाळी बोभाटा झाला. पालक फाटकाशी जमले, कोणी तरी घंटेचा टोल काढून फेकला, आणि नानासोंना द्राक्षाच्या बागेतून फवारणी सोडून यावं लागलं.

आता पेपर फुटतो कसा? त्याला हात लागतो तिथं फुटतो. पेपर शाळेच्या कचेरीत सायक्लोस्टाइल झाले. गठ्ठे कपाटात गेले. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडं, एक सचिवांकडं. सरतापे बाईंच्या हाती गठ्ठा आला तो परीक्षेची घंटा झाल्यावर, सीलबंद. संध्याकाळी फुटलेला पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा हातात घेणारीनं कसा फोडला असेल? हे गणित आपल्या पाचवीतल्या मुलालाही सुटलं असतं.

पण संस्थेला गणित सोडवायचं नव्हतंच. संस्थेला माणूस पाहिजे होता. त्या सकाळी वर्गावर तिघं पर्यवेक्षक होते. एकाचे मामा कार्यकारिणीवर. दुसऱ्याचे सासरे नानासोंचे भागीदार. राहिल्या सरतापे बाई. त्यांचं इथं कोणीही नव्हतं, आणि त्यांची जात मात्र सगळ्यांना पाठ होती. स्टाफरूममध्ये एकजण हळूच म्हणाला, ‘असल्यांना घेतलं की हे असं होणारच.’ तो आज या हॉलमध्ये आहे. त्याला पान खायला बाहेर जायचं असेल तर मी थांबतो.

नाही जायचं? बरं.

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष नानासो, सचिव बाळासो, मुख्याध्यापक या नात्यानं नाथाजीराव, आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी. बाळासोंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की चौकशीचं कामकाज इंग्रजीतून चालेल. मी विचारलं, ‘का?’ ते म्हणाले, ‘खात्याकडं कागद जातो, निकम सर. इंग्रजीत असला की त्याला वजन येतं.’ तासगावच्या कोर्टात ज्यांचे अर्ज मराठीतून जातात, त्या वकिलांनी एका मास्तरणीची चौकशी इंग्रजीतून चालवली. कारण कोर्टात समोर न्यायाधीश असतो. इथं समोर दहिवडीकडची एक मुलगी होती.

ती चौकशी मला शब्दन् शब्द पाठ आहे. बाई उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, बस म्हणून कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं, तर बाळासो म्हणाले, ‘उभं राहूनच ठीक आहे.’

मग त्यांनी विचारलं, ‘व्हॉट डिड यू डू विथ द पेपर्स?’

‘आय गेव्ह देम आउट, सर.’

बाळासोंनी पेन खाली ठेवलं. नानासोंकडं बघितलं. पुन्हा पेन उचललं.

‘टु हूम?’

‘टु द बॉइज, सर.’

‘हाउ मेनी बॉइज?’

‘ऑल ऑफ देम, सर.’

नानासोंनी विचारलं, ‘काय म्हनली ती?’

बाळासो म्हणाले, ‘कबूल झाली, नानासो. पेपर बाहेर दिले म्हणते. पोरांना. सगळ्या पोरांना.’

नानासो म्हणाले, ‘सगळ्यास्नी दिला? मग आमच्या घरातल्या पोराला कसा न्हाई मिळाला?’

नानासो, तुमच्याविषयी माझी अनेक मतं आहेत. ती आज बोलून दाखवत नाही. पण त्या खोलीत विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न तुमचा होता. दुर्दैवानं तुम्ही तो स्वतःच सोडून दिलात.

बाई म्हणाल्या, ‘नाही सर, मी पेपर वाटले. वर्गात. घंटा झाल्यावर...’

‘इन इंग्लिश, प्लीज.’

‘आय गेव्ह देम आउट इन द क्लास, सर.’

‘सेम थिंग,’ बाळासो म्हणाले आणि लिहू लागले.

मी मध्ये पडलो. म्हटलं, गेव्ह आउट म्हणजे बाहेर दिले असं होत नाही. गेव्ह म्हणजे दिले आणि आउट म्हणजे बाहेर, अशी बेरीज भाषेत चालत नाही. नानासोंना मी विचारलं, ‘काल रात्री भाकरी खाऊन टाकलीत ना? मग आधी खाल्लीत आणि नंतर टाकलीत का?’

नानासो हसले. ‘ह्या, आसं कुटं आसतंय?’

‘रागानं बोलून गेलो म्हणतो आपण. म्हणजे आधी बोललो आणि मग उठून कुठं गेलो, असं होतं का?’

‘न्हाई बा.’

‘तसंच इंग्रजीत आहे. आउट आला म्हणजे काही दाराबाहेर गेलं असं होत नाही.’

बाळासो म्हणाले, ‘निकम सर, मराठीचे नियम इंग्रजीला लावू नका.’

म्हटलं, ‘मग आउट म्हणजे बाहेर, हा नियम तुम्ही कुठला लावताय?’ मी पुढं म्हटलं, ‘गेल्या स्नेहसंमेलनाची इंग्रजी पत्रिका तुम्हीच छापलीत. त्यात लिहिलंय, द प्राइझेस विल बी गिव्हन अवे बाय द प्रेसिडेंट. तुमच्या हिशेबानं नानासोंनी बक्षिसं दूर दिली. आणि गिव्ह अवेचा दुसरा अर्थ गुपित फोडणं. मग नानासोंनी बक्षिसं फोडली काय?’

मी शब्दकोश घेऊन आलो. पान उघडून समोर ठेवलं. बाळासोंनी त्यावर नजरही टाकली नाही. म्हणाले, ‘आमच्यापुढं पुरावा विधानाचा आहे, पुस्तकाचा नाही.’

मित्रहो, ज्याला येत नाही त्याची कीव करता येते. मी शिक्षक आहे, न येणाऱ्यांच्या जिवावरच माझी चूल पेटली. पण समोर उघडलेलं पान न वाचणाऱ्या माणसाला काय म्हणावं? माझ्याकडं शब्द आहे, पण समोर मुलं बसली आहेत.

शेवटी मी म्हटलं, ‘माझं ऐकू नका. मुख्याध्यापकांना विचारा. अकरावीला इंग्रजी तेही शिकवतात.’

सगळे नाथाजीरावांकडं बघू लागले. सरतापे बाईही बघू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, तो मला आजही दिसतो. त्यांना आठवत होतं, हेच सर वर्तमानपत्र खाली करून आपल्याला अर्थ सांगत होते. हे सांगतील.

नाथाजीरावांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं एक काच पुसली, मग दुसरी पुसली. नानासोंकडं बघितलं, बाळासोंकडं बघितलं. आणि म्हणाले,

‘तसं बघायला गेलं तर... संदर्भावर अवलंबून आहे.’

बस. एवढंच.

बाईंनी मान खाली घातली.

समितीनं तिघांविरुद्ध एक असा ठराव केला. तिघांत नाथाजीराव होते. पण संस्थेचं मन मोठं आहे, असं बाळासो म्हणाले. बाईंनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करून सही करावी, संस्था प्रकरण मिटवील आणि नोकरी राहील. नाही तर घरी.

दोनतीन दिवसांनी रंगूबाई आल्या. दहिवडीहून दोन एस्ट्या बदलून. गाठोड्यात बाजरीच्या भाकरी आणि लेकीसाठी हुलग्याचं पीठ. आमच्या शाळेच्या पायरीवर बसल्या, आत येईनात. मी बाहेर गेलो तसं त्यांनी हात जोडले.

‘आवं गुरुजी, तुमी तरी सांगा की हिला. सहीच तर मागत्यात. सही केली म्हंजी नोकरी ऱ्हातीया म्हनं.’

मी म्हटलं, ‘मावशी, तिनं काही केलेलं नाही.’

‘ते काय मला ठावं न्हाई व्हय? माजी लेक हाय ती. पर जगात बिनगुन्ह्याची किती मानसं वाकत्यात, त्येंचं काय हुतंय? हिच्या बानं गिरनीत खोकून खोकून छातीचा भाता केला, तवा ही शिकली.’

शालन शेजारी उभी होती. म्हणाली, ‘आई, सही केली की मी चोर झाले. मग पोरांच्या पुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?’

‘आन् न्हाई केली तर?’

‘तर घरी येते. तुझ्याबरोबर शेरडं राखते.’

रंगूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, ‘शेरडं राखाया तुला शिकीवली न्हाई म्या.’ मला वाटलं, आता आई लेकीला सही करायला लावणार. पण त्या उठल्या, गाठोडं काखेत मारलं आणि म्हणाल्या, ‘मग चल. हितं ऱ्हाऊन काय कराचं? ज्येंच्याम्होरं उबं ऱ्हायाची लाज वाटंल आसली सही नगं आपल्याला. आन् शेरडं मी राखीन. तू दुसरी साळा बघ.’

खोलीवरून ट्रंक आणली. मी एस्टी स्टँडपर्यंत गेलो. शालन खिडकीत बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती रडत होती आणि तिला ते मला दाखवायचं नव्हतं. तिथून परत येताना मला या शाळेच्या इमारतीची किळस आली. मी इथंच शिकवत राहिलो, कारण मला संसार होता आणि दुसरं काही येत नव्हतं.

पण मी गप्प बसलो नाही. सांगलीला शिक्षण खात्यात गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा साहेब बैठकीत, एकदा साहेबांच्या घरी लग्न. जात राहिलो. बाळासोंनी मला नोटीस दिली. उत्तर दिलं. नाथाजीरावांनी माझे अकरावीचे तास काढून मला पाचवीला टाकलं. पाचवीची पोरं अकरावीपेक्षा बरी असतात, त्यांना अजून कोणाला भ्यायचं ते शिकवलेलं नसतं. शेवटी जूनमध्ये एक निरीक्षक आले. सडपातळ, कमी बोलणारे, विड्यांच्या धुरात बसणारे गृहस्थ. याच हॉलमध्ये, आत्ता जिथं हा माइक आहे तिथं टेबल टाकून बसले. शालनला बोलावून घेतलं होतं. रंगूबाई दाराशी होत्या.

निरीक्षकांनी ठराव वाचला. मग विचारलं, ‘मुख्याध्यापक, गिव्ह आउट म्हणजे काय?’

आणि काय सांगू तुम्हाला! नाथाजीराव उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि अस्खलित बोलू लागले. ‘सर, गिव्ह आउट म्हणजे वाटणे, जसे, द टीचर गेव्ह आउट द क्वेश्चन पेपर्स. गिव्ह आउट म्हणजे जाहीर करणे. गिव्ह आउट म्हणजे उष्णता किंवा प्रकाश बाहेर टाकणे. आणि गिव्ह आउट म्हणजे संपणे, बळ जाणे, जसे, हिज लेग्ज गेव्ह आउट.’ उदाहरणासकट चार अर्थ. एक चूक नाही. पहिलं उदाहरण तर नेमकं तेच होतं, जे सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या घशात अडकलं होतं.

निरीक्षकांनी विडी विझवली. ‘इतकं पाठ आहे, तर त्या दिवशी का नाही सांगितलंत?’

नाथाजीराव म्हणाले, ‘सर, मला तेव्हा अधिकृतपणे कोणी विचारलं नाही.’

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. दाराशी रंगूबाईंनी लेकीला विचारलं, ‘काय म्हनला त्यो?’ शालन म्हणाली, ‘काही नाही, आई. मी चोर नाही, असं म्हणाले ते.’

त्या संध्याकाळी बाईंना परत घेण्याचा आदेश झाला. संस्थेनं घेतलंही. मात्र इंग्रजी काढून घेतलं आणि शिवणकाम आणि कवायत दिली. त्यांनी वर्षभर मुलींना कवायत शिकवली, आणि चांगली शिकवली. एप्रिलच्या शेवटी राजीनामा दिला. या वेळी स्टँडवर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, ‘सर, मी हरून जात नाही. इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून जाते.’

पेपर कोणी फोडला, याची चौकशी मात्र झालीच नाही. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. त्यातल्या एका किल्लीच्या घरचा पुतण्या त्या वर्षी गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवून पहिला आला आणि बोर्डाच्या परीक्षेत त्याच गणितात नापास झाला. मी कोणाचं नाव घेत नाही, कारण मला अधिकृतपणे कोणी विचारलेलं नाही.

चिठ्ठी आली आहे. ‘कृपया आवरते घ्यावे.’ अक्षर सुरेख आहे, नाथाजीराव. तुमचं अक्षर नेहमीच सुरेख होतं.

आवरतो. बाळासो, तुमच्याविषयी मला राग नाही. अज्ञान आणि उद्धटपणा एकाच अंगरख्यात हिंडताना मी आयुष्यभर बघितले, तुमच्यात नवीन काही नव्हतं. नानासो, ठरावाच्या वेळी तुम्ही प्रामाणिकपणे म्हणाला होतात, ‘मास्तर, आमाला त्यातलं काय कळत न्हाई.’ आणि तरीही सही केलीत. तुमची सही द्राक्षाच्या पेटीवर शोभते, माणसाच्या नशिबावर शोभत नाही. पण नाथाजीराव, तुमच्याविषयी मला जे वाटतं त्याला मराठीत तुच्छता म्हणतात, आणि त्या शब्दाला कुठलाही संदर्भ लागत नाही. तुम्हाला येत होतं. तुम्हाला सगळं येत होतं. एक मुलगी तुमच्याकडं बघत उभी होती आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात. पुढल्या महिन्यात तुम्ही संस्थेचे शैक्षणिक सल्लागार होताय, असं पत्रिकेत छापलंय. अभिनंदन. निवड योग्यच आहे.

आता माझं पुढं काय, असं बरेच जण विचारतात. बागेत बसणार का, नातवंडं खेळवणार का. तसं काही ठरलेलं नाही. माणमध्ये दहिवडीच्या पुढं एका वाडीवर दोन वर्षांपूर्वी नवीन हायस्कूल निघालं आहे. दोन खोल्या पत्र्याच्या, दोन कुडाच्या. बाकं नाहीत. इंग्रजीला शिक्षक टिकत नाही, कारण वाडीला एस्टी दिवसातून एकदाच जाते. तिथल्या मुख्याध्यापिकेनं मागच्या आठवड्यात निरोप पाठवला, की सर, पगार देता येणार नाही, राहायला खोली आणि आईच्या हातची भाकरी देऊ, पण हजेरी वेळेवर लागेल. मुख्याध्यापिकेचं नाव शालन सरतापे. उद्या सकाळच्या गाडीनं मी त्यांच्या हाताखाली रुजू व्हायला निघालो आहे. शाल बरोबर नेतो आहे. माणात थंडी कडक असते. घड्याळही नेतो, त्या शाळेत नाही.

ज्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी माझ्याशी स्टाफरूममध्ये बोलणं टाकलं नाही, त्यांचा मी ऋणी आहे. ते थोडे आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. मुलांनो, तुमचा ऋणी आहे, कारण तुम्ही चुकत राहिलात म्हणून मला काम होतं. मागं ताटकळलेल्या पालकांचे आभार. पाचाची पंचवीस मिनिटं झाली, त्याबद्दल अध्यक्षांची क्षमा मागतो. बोलण्याच्या ओघात कुठं व्याकरण चुकलं असेल, उच्चार चुकला असेल, कोणाचं नाव मानाच्या क्रमात मागंपुढं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. बाकी जे बोललो ते विचार करून बोललो आहे, त्याची क्षमा मागत नाही.

नमस्कार.